पक्षपाती देव आणि निःपक्षपाती गणित

२००२ सालच्या मे महिन्यात ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख छापून आला. आफ्रिकेत एड्ससाठी जो काही पैसा हाताशी आहे तो आधी प्रतिबंधावर घाला, औषधांचं नंतर बघू, असं त्याचं सांगणं होतं. पाठीशी आकडा होता: प्रतिबंधावरचा पैसा औषधोपचारापेक्षा किमान २८ पट जास्त फळ देतो. लेखक निर्दय नव्हते. हिशेब प्रामाणिक होता, आणि त्यामागचं तत्त्वही सभ्य होतं. प्रत्येक जीव सारख्याच मोलाचा, म्हणून ज्या वाटेनं जास्त जीव वाचतील ती वाट धरावी. फक्त त्या घडीला आफ्रिकेत दोन कोटींहून अधिक माणसं अंगात विषाणू घेऊन जगत होती आणि या हिशेबात त्यांच्यासाठी जागा उरत नव्हती.

त्याच वेळी कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात, कांज नावाच्या डोंगराळ वस्तीत, ती महागडी औषधं गरीब शेतकऱ्यांना फुकट मिळत होती. १९९८ पासून मिळत होती. शेजारपाजारच्याच कुणाला तरी थोडं प्रशिक्षण आणि थोडा पगार देऊन कामाला लावलेलं होतं. तो माणूस रोज रुग्णाच्या घरी जायचा, डोळ्यांदेखत गोळ्या घ्यायला लावायचा, चूल पेटली आहे की नाही हेही बघून यायचा. हे चालवणारे डॉक्टर पॉल फार्मर वर्षातले काही महिने बोस्टनला हार्वर्ड विद्यापीठात शिकवत आणि उरलेले बहुतेक दिवस कांजमध्ये काढत. जागतिक आरोग्य धोरण हा त्यांच्या अध्यापनाचा विषय. त्या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र वैद्यकशास्त्राचा नाही, अर्थशास्त्राचा तर नाहीच. सगळ्यांना एकाच मापानं मोजणं म्हणजे न्याय, की ज्यांच्या वाट्याला आजवर काहीच आलं नाही त्यांना झुकतं माप देणं म्हणजे न्याय?

फार्मर यांना या प्रश्नाचं उत्तर वर्गात सापडलं नाही. १९५९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेला हा मुलगा फ्लोरिडात वाढला, काही वर्षं एका जुन्या बसमध्ये आणि नंतर बोटीवर. ड्यूक विद्यापीठात वैद्यकीय मानववंशशास्त्र शिकत असताना, मार्च १९८० मध्ये, एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थनेच्या वेळी गोळी घालून मारण्यात आलं. गरिबांची बाजू घेतल्याची ती शिक्षा होती. लहानपणीचा कॅथलिक धर्म फार्मर यांच्या दृष्टीनं तोवर रविवारच्या रिवाजापुरता उरला होता. आता त्याच धर्मात राज्यकर्त्यांना सहन होणार नाही असं काहीतरी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. विद्यापीठाजवळच्या तंबाखूच्या शेतांत राबणाऱ्या हैतीच्या मजुरांमध्ये काही नन काम करत होत्या. त्यांच्या मागोमाग हा विद्यार्थीही तिथे जाऊ लागला, आणि १९८३ मध्ये थेट हैतीत पोचला.

गरिबांची बाजू घेण्याचा हा विचार लॅटिन अमेरिकेत लिबरेशन थिऑलॉजी, म्हणजे मुक्तीचं ईश्वरशास्त्र, म्हणून वाढत होता. १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयीन शहरात तिथले बिशप जमले, तेव्हा त्याला तोंड फुटलं. १९७१ मध्ये पेरूचे पाद्री गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी त्याचा मूळ ग्रंथ लिहिला आणि १९७९ च्या पुएब्ला परिषदेत गरिबांना पहिली पसंती हे सूत्र अधिकृतपणे नोंदलं गेलं. सूत्र ऐकायला मऊ वाटतं, पण त्यातला दावा धाडसाचा आहे. देव तटस्थ नाही, तो पक्षपाती आहे, असं हे पाद्री म्हणत होते. गरीब माणसं सद्गुणी असतात म्हणून देव त्यांच्या बाजूनं आहे, असंही नव्हे. गुटिएरेझ यांनी हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला. गरीब चांगला असेल, वाईटही असेल. देवाची पसंती त्याच्या गुणांवर अवलंबून नाही, देवाच्या स्वभावावर आहे.

इथे तत्त्वज्ञ अडून बसतात, आणि त्यांचं अडून बसणं योग्य आहे. पक्षपाताला न्याय कसं म्हणायचं? पाश्चात्त्य नीतिविचाराचा मोठा भाग निःपक्षपातीपणाच्या पायावर उभा आहे. फार्मर यांनी या आक्षेपाला दिलेलं उत्तर डॉक्टरचं आहे. जंतू आधीच पक्षपाती असतात, ते स्वतःच गरिबांना पहिली पसंती देतात, असं ते म्हणत. क्षय झोपडीत जातो, कॉलरा नळ नसलेल्या घरात जातो. जमीन इतकी कलती असताना जो सगळ्यांना सारखं ओततो, त्याच्या ओतण्यानं उतारावरच्यालाच जास्त मिळतं. तेव्हा झुकतं माप हे समतेला मोडणारं नाही, तिथपर्यंत पोचवणारं आहे.

कांजची वस्ती याचंच उदाहरण होती. १९५० च्या दशकात आर्तिबोनित नदीवर पेलिग्र धरण बांधलं गेलं. खोऱ्यातली सुपीक शेतं पाण्याखाली गेली आणि शेतकरी कोरड्या डोंगरावर चढले. धरणाची वीज राजधानीकडे आणि कारखान्यांकडे गेली, डोंगरावर ना वीज आली ना पाणी. धरणग्रस्त म्हणजे काय हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. तीस वर्षांनी त्या डोंगरावर कुणी क्षयानं किंवा एड्सनं आजारी पडायचं, तेव्हा रोगाचं कारण नोंदवताना जंतूचं नाव लिहिलं जाई. फार्मर धरणाचंही नाव लिहीत. समाजाची रचनाच माणसाला इजा करते तेव्हा तिला संरचनात्मक हिंसा म्हणावं, असं नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये सुचवलं होतं. फार्मर यांनी ती संकल्पना उचलून दवाखान्यात आणली.

त्यांचं संशोधनही याच दृष्टीतून घडलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कांजमधल्या क्षयरुग्णांचे दोन गट पाहण्यात आले. औषध दोघांनाही फुकट. एका गटाला त्याखेरीज दर महिन्याला थोडे पैसे, पोषक अन्न, येण्याजाण्याचा खर्च आणि घरी येणारा आरोग्यसेवक मिळत होता. या गटातले सगळे बरे झाले. नुसतं औषध मिळालेल्या गटात निम्म्याच्या आसपासच बरे झाले. उपाशी रुग्णाला औषध देणं म्हणजे हात धुऊन मातीत पुसणं, अशी हैतीत म्हण आहे, आणि अभ्यासानं ती खरी ठरवली.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती आणि धर्माविषयी विचार करणाऱ्यानं तिच्यापाशी थांबायला हवं. रुग्णांपैकी अनेकांची खात्री होती की क्षय हा कुणीतरी करणी करून पाठवलेला आहे. अशी श्रद्धा असलेले लोक औषध सोडतील, हा वैद्यकशास्त्राचा नेहमीचा अंदाज. तो साफ चुकला. करणी मानणारे आणि न मानणारे सारख्याच नेमानं गोळ्या घेत होते आणि सारखेच बरे होत होते. फरक पडत होता तो अन्नाचा आणि पैशाचा. रोग का आला आणि रोग कसा जातो, ही दोन प्रश्नांची दोन उत्तरं एकाच मनात सुखानं नांदू शकतात, हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना कळत होतं. रुग्ण बरा झाला नाही की त्याच्या समजुतींना दोष देणाऱ्या विद्वानांना ते कळत नव्हतं. दुसऱ्याच्या श्रद्धेवर सगळं खापर फोडता आलं की आपल्याला त्याच्या उपाशी पोटाकडे पाहावं लागत नाही. हे केवळ हैतीत घडतं असं नाही.

दरम्यान जगाच्या आरोग्याचा हिशेब करण्याचं नवं साधन तयार होत होतं. १९९३ साली जागतिक बँकेनं आपला वार्षिक विकास अहवाल आरोग्याला वाहिला आणि त्यात ‘डाली’ हे एकक पुढे केलं. अकाली मृत्यूनं गेलेली वर्षं आणि आजारपणात, अपंगत्वात काढलेली वर्षं यांची बेरीज करून रोगाचं ओझं मोजायचं, आणि मग कोणत्या उपायानं किती डॉलरमध्ये असं एक वर्ष वाचतं ते पाहायचं. या मोजणीचे उपकार नाकारता येत नाहीत. मानसिक आजार जगाला किती छळतात हे तिच्यामुळेच धोरणकर्त्यांना दिसलं.

पण ती तटस्थ होती का? मूळ सूत्रात पंचविशीतल्या माणसाच्या वर्षाला तान्ह्या बाळाच्या किंवा म्हाताऱ्याच्या वर्षापेक्षा जास्त वजन दिलेलं होतं. भविष्यातल्या वर्षाची किंमत दरसाल ३ टक्क्यांनी कमी धरली जाई, बँकेतल्या पैशासारखी. अंध माणसाचं वर्ष डोळस माणसाच्या वर्षाहून कमी भरत असे. यातली पहिली दोन वजनं पुढे २०१० सालच्या मोजणीत काढून टाकण्यात आली. काढली ते बरंच झालं, पण जवळजवळ वीस वर्षं ती विज्ञानाच्या वेषात वावरत होती. लिबरेशन थिऑलॉजी आपली बाजू आधी सांगून टाकते. सूत्रातल्या गुणकाला बाजू असते, पण ती शोधावी लागते.

भांडण याहून जुनं आहे. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य असा संकल्प सोडला गेला. त्या संकल्पामागे जी उदाहरणं होती त्यांतलं एक महाराष्ट्रातलं होतं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं काम जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ च्या आपल्या पुस्तकात घेतलं होतं. ख्रिस्ती श्रद्धेनं दुष्काळी मुलखात आलेलं हे जोडपं गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित स्त्रियांना आरोग्याचं शिक्षण देत होतं आणि पाणी, जात, शेती यांनाही हात घालत होतं. अल्मा-आताला वर्ष उलटतं न उलटतं तोच, १९७९ मध्ये, ज्युलिया वॉल्श आणि केनेथ वॉरन या दोन अमेरिकी संशोधकांनी लेख लिहून सुचवलं की सर्वांना सगळं देणं परवडणार नाही, मोजके स्वस्त उपाय निवडा. पैसा देणाऱ्यांना तो सल्ला पसंत पडला. लसीकरण, जलसंजीवनी अशा निवडक उपायांनी असंख्य मुलं वाचली हेही खरं. पण परवडत नाही हे वाक्य तेव्हापासून निसर्गनियमासारखं उच्चारलं जाऊ लागलं.

फार्मर यांचा खरा वाद या वाक्याशी होता. गणित चुकीचं आहे असं ते म्हणत नव्हते. गणितात ‘दिलेलं आहे’ म्हणून जो आकडा मांडला जातो, तो कुणी दिला, असं ते विचारत होते. पेरूची राजधानी लिमा, तिच्या कडेची काराबाय्यो ही झोपडवस्ती. बोस्टनहून जाऊन तिथे राहिलेला एक पाद्री १९९५ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या क्षयानं गेला. शोध घेतल्यावर वस्तीत असे रुग्ण बरेच निघाले. गरीब देशांत हा क्षय बरा करणं व्यवहार्य नाही, असंच तेव्हा जागतिक मत होतं, कारण एकेका रुग्णाच्या औषधांना हजारो डॉलर लागत. फार्मर आणि त्यांचे सहकारी जिम योंग किम यांनी तरीही १९९६ मध्ये उपचार सुरू केले आणि निम्म्याहून कितीतरी अधिक रुग्ण बरे झाले. मग त्यांनी किमतीकडे मोर्चा वळवला. यांतल्या अनेक औषधांची पेटंटं कधीच संपली होती. ती महाग होती कारण विकत घेणारं कुणी नव्हतं, आणि विकत घेणारं कुणी नव्हतं कारण ती महाग होती. जगभरची मागणी एकत्र केल्यावर काही औषधांचे भाव ९० टक्क्यांहून अधिक खाली आले. उपचार परवडत नाहीत हा सिद्धान्त ज्या भावांवर उभा होता ते भावच गेले.

एड्सच्या बाबतीत ही उलथापालथ मुंबईतून झाली. तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषधकंपनीचे युसूफ हमीद यांनी तेच मिश्रण वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला डॉलरभर किमतीत, द्यायची तयारी जाहीर केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याच्या प्रमुखानं सांगितलं होतं की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाच्या वेळेची सवय नाही, ते वेळच्या वेळी गोळ्या कशा घेतील. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा गोळ्या नेमानं घेण्यात आफ्रिकेतले रुग्ण उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांच्या पुढे निघाले. आणि २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीनं दाखवलं की वेळेवर उपचार घेणाऱ्या रुग्णाकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. उपचार हाच प्रतिबंध ठरला. २००२ च्या लेखात ज्या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत घातल्या होत्या, त्या मुळात वेगळ्या नव्हत्याच. आज ३ कोटींहून अधिक माणसं ही औषधं घेऊन जगत आहेत.

इथे थांबलं तर गरिबांची बाजू जिंकली असं वाटेल. पण एक टोचणारं उदाहरण उरतं, आणि ते लपवून हा विषय शिकवता येत नाही. फार्मर यांच्यावरच्या ट्रेसी किडर यांच्या २००३ सालच्या पुस्तकात एका हैतियन मुलाची हकिगत आहे. घशाच्या वरच्या भागात कर्करोग झालेल्या त्या पोराला बोस्टनच्या रुग्णालयानं फुकट उपचार देऊ केले. न्यायचं कसं? विशेष विमानाला जवळपास वीस हजार डॉलर लागले. तिथे गेल्यावर दिसलं की रोग हाडांपर्यंत पोचला आहे. मुलगा वाचला नाही. त्या पैशात कांजमध्ये किती जणांचं काय झालं असतं, हा प्रश्न फार्मर यांच्या संस्थेतल्याच लोकांनी विचारला. विचारायलाच हवा होता.

गणिती याला चूक म्हणेल. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन टॉरेक यांनी १९७७ च्या एका गाजलेल्या निबंधात उलट टोक गाठलं होतं: माणसांच्या जिवांची बेरीज करताच येत नाही, कारण पाच जणांचं मरण एकत्र सोसणारं कुणी नसतं, जो तो आपलं एकच मरण मरतो. हे टोक मान्य करणं कठीण आहे. साथ आलेली असताना शंभर जणांना सोडून एकाकडे जाणारा डॉक्टर आपल्याला खटकतो, खटकलाच पाहिजे. मग त्या विमानाचं समर्थन कसं करायचं?

पूर्ण समर्थन होत नाही, असंच प्रस्तुत लेखकाचं मत आहे. पण नकाराचंही पूर्ण समर्थन होत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी दाखवून दिलं होतं की दोन कर्तव्यांत एकाची निवड केली म्हणून दुसरं विरून जात नाही. त्याचं काहीतरी देणं शिल्लक राहतं. खर्चाच्या हिशेबाचा सगळ्यात मोठा धोका हा की तो ही शिल्लक शून्य करून दाखवतो. ज्याला नाकारलं त्याचं आपण काही देणं लागत नाही, असं तो धोरणकर्त्याला सांगतो आणि त्याला शांत झोप लागते. ईश्वरशास्त्र ती सवलत देत नाही. ज्याला मदत करता आली नाही त्याचं तोंड त्यात समोरच उभं राहतं. विमान पाठवणाऱ्यांनी कदाचित चुकीची निवड केली असेल, पण त्यांनी त्या मुलाला हिशेबाबाहेर काढलं नाही.

प्राध्यापकी पेशालाही हा प्रश्न चिकटलेला आहे. दुसऱ्याच्या दुःखावर प्रबंध लिहायचे, परिषदांना विमानानं जायचं, बढती मिळवायची, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांचं जगणं तसंच राहायचं. जागतिक आरोग्याच्या अभ्यासातली ही नैतिक अडचण फार्मर यांना ठाऊक होती. हार्वर्डमध्ये आर्थर क्लाइनमन, जिम योंग किम यांच्यासोबत त्यांनी चालवलेल्या अभ्यासक्रमात वसाहतवादाचा इतिहास, अल्मा-आता, औषधांच्या किमती हे सगळं रोगशास्त्राच्या बरोबरीनं शिकवलं जाई. २०१३ मध्ये त्यातून पाठ्यपुस्तक निघालं, आणि त्याच वर्षी गुटिएरेझ यांच्याबरोबरच्या संवादाचंही पुस्तक आलं. एकाच माणसाची ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. एकात तळटीपा आणि तक्ते, दुसऱ्यात पाद्र्याशी बोलणं, पण मुद्दा दोन्हींत एकच. पुढे शिक्षणाचं केंद्रच हलवावं या हेतूनं रवांडात २०१५ साली जागतिक आरोग्य समतेचं विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे त्याचं आवार देशाच्या उत्तरेकडच्या बुटारो या डोंगरी गावात उभं राहिलं. तिथले भावी डॉक्टर देशात सेवा देण्याच्या बोलीवर शिकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथेच, शिकवायला गेलेले असताना, ६२ व्या वर्षी फार्मर यांचं झोपेत निधन झालं.

त्यांच्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप डावीकडून येतो, गणिताकडून नव्हे. गरिबांना पहिली पसंती देणारा शेवटी बाहेरचाच असतो, देणारा हात वर आणि घेणारा खाली राहतो, असा तो आक्षेप. २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतीचं आपलं खातंच बंद केलं तेव्हा देणाऱ्याच्या मर्जीवर उभ्या असलेल्या किती कामांखालची जमीन सरकते, ते दिसलं. गुटिएरेझ यांना हा धोका दिसत होता. गरीब हा दयेचा विषय नाही, आपला इतिहास घडवणारा कर्ता आहे, असं ते मांडत.

तसे कर्ते आहेत. बेडाक्विलिन हे औषधरोधी क्षयावरचं गोळीचं औषध. जुन्या इंजेक्शनांनी अनेक रुग्णांची श्रवणशक्ती जात असे, तो धोका त्यात नाही. त्याच्या मूळ कंपनीनं भारतात पेटंटाची मुदत लांबवणारा नवा अर्ज केला, तेव्हा त्याला हरकत घेणाऱ्यांत क्षयातून उठलेल्या दोन तरुणी होत्या, एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. दोघींचीही श्रवणशक्ती त्या जुन्या औषधांनी गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी मुंबईच्या ल्युपिनसह इतर कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली, आणि गरीब देशांसाठी होणाऱ्या जागतिक खरेदीत मूळ कंपनीचा स्वतःचा भावही निम्म्याहून खाली उतरला.